फुंकरीचे वतन

गोदावरीच्या खोऱ्यात पतीने पत्नीला द्यावयाच्या वस्तूंची यादी पिढ्यानपिढ्या जवळजवळ ठरलेली होती. हिरवा चुडा, जोडवी आणि मासोळ्या, हळदूच्या लाकडाची फणी, कुंकवाचा करंडा, झाकणात आरसा बसविलेली फणेरपेटी, सुगी साधली तर लुगडे आणि कापसाला भाव आला तर सोन्याचे दोन मणी, एवढ्यात ती संपत असे. या वस्तू घेणारीला सजवितात, तिच्या सौभाग्याची ग्वाही देतात, पाहणाऱ्याच्या दृष्टीला सुखवितात. परंतु त्यांपैकी एकीचाही संबंध तिच्या मुखातून बाहेर पडणाऱ्या श्वासाशी नाही. बांगड्यांची किणकिण आणि पैंजणांचा नाद तिच्याबरोबर चालतो खरा, पण तो तिच्या हालचालीची वार्ता घरच्यांना देतो. तिला स्वतःला काही सांगावयाचे असेल तर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून एखाद्या तरुणाने आपल्या सहचारिणीसाठी हाताने घडविलेली लाकडी शिटी निवडली, तर तिला या यादीत कोणता रकाना द्यावा, असा प्रश्न जुन्या काळच्या एखाद्या चोखंदळ दफ्तरदाराला पडला असता. खेळण्यांच्या रकान्यात ती सहज बसेल; परंतु फुंकून वाजविण्याच्या वस्तूंचा आपल्या मुलुखातील इतिहास पाहिला म्हणजे तिला तेथे बसविणे मला अन्यायाचे वाटते. तो इतिहास कोणी फुंकावे आणि कोणी ऐकावे याविषयीच्या अधिकाराचा आहे, आणि तो वाचावयास पाथरीसारखे गाव फार उपयोगी पडते. कारण दरबार आणि गायरान, पोथी आणि जाते ही चारही येथे परस्परांच्या हाकेच्या अंतरावर नांदली.

परभणी जिल्ह्यातील हा तालुक्याचा कसबा गोदावरीच्या उत्तरेस, नदीपासून काही कोसांवर वसला आहे. त्याचे जुने नाव पार्थपूर, आणि लोकश्रद्धा ते अर्जुनाशी जोडते. त्या श्रद्धेचा निवाडा करण्याचे येथे कारण नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी पार्थपूर हे विद्येचे ठिकाण होते, एवढे मात्र निर्विवाद आहे. येथे राहणाऱ्या ज्ञानराज या ज्योतिषाचार्याने शके १४२५ च्या, म्हणजे इसवी सन १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुन्दर’ हा ग्रंथ रचला. ग्रहांच्या मध्यम आणि स्पष्ट गतींचे, ग्रहणांचे आणि यंत्रांचे गणित मांडीत असतानाच त्याने ऋतूंच्या वर्णनाचे एक स्वतंत्र प्रकरण त्यात घातले. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त घालून दिलेली ही वाट होती, आणि पाथरीच्या गणितज्ञाला ती सोडवली नाही. त्याचा पुत्र सूर्यपंडित याने ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या भास्कराचार्यांच्या ग्रंथांवर टीका लिहिल्या, आणि त्याच लेखणीने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. त्यातील श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा होते आणि शेवटाकडून आरंभाकडे वाचला तर कृष्णाची. ज्या बुद्धीला एकाच अक्षरमालेतून जाताना धनुर्धारी आणि येताना मुरलीधर दिसला, ती बुद्धी पाथरीच्या मातीत वाढली, ही गोष्ट मला या गावाच्या सर्व राजकीय वैभवाहून मोठी वाटते.

राजकीय वैभवही थोडे नव्हते. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ इतिहासकार फरिश्त्याने पाथरीच्या एका ब्राह्मण घराण्यात सांगितले आहे. त्या घराण्यातील मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला, मलिक हसन या नावाने बहमनी दरबारात वजिरीपर्यंत चढला, आणि त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० साली स्वतंत्र राज्य स्थापिले. पुढे बुऱ्हाण निजामशाहाने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहाकडे मागितली, आणि मागणीने मिळेना तेव्हा १५१८ साली फौज पाठवून घेतली. एका कसब्यासाठी दोन शाह्यांचे वैर जुंपावे, यात महसुलाचा हिशेब असेलच. पण पूर्वजांच्या गावाची ओढही होती, असे मानावयास मला संकोच वाटत नाही. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेले, ‘आईन-ए-अकबरी’त पाथरी ही वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदली गेली, आणि दुसऱ्याच वर्षी या टापूत गोदातीरी खानखानान अब्दुर्रहीम याने विजापूरच्या सुहेलखानाशी घोर संग्राम केला. हा सेनापती म्हणजे हिंदीतील कवी रहीम. पुढे आसफजाही आली, आणि १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत पाथरीची रयत निजामाच्या अमलाखाली राहिली.

या प्रत्येक राजवटीने आपली सत्ता लोकांच्या डोळ्यांप्रमाणे कानांवरही ठसविली. ‘आईन’कार अबुल फजलने बादशाही नक्कारखान्याचे जे वर्णन केले आहे, त्यात नगाऱ्यांच्या जोडीला कर्णा, सुर्णा, नफीर आणि शिंग ही फुंकून वाजविण्याची वाद्ये ओळीने येतात. कोणत्या प्रहरी कोणते वाजावे याचा नेम ठरलेला होता, आणि एखाद्या सरदाराला निशाण व नगारा बहाल करणे ही जहागिरीच्या तोडीची मेहेरबानी समजली जाई. नौबत ज्याच्या दारी झडते तो हुजुरातील माणूस, आणि ती ऐकून जो थबकतो ती रयत, अशी समाजाची वाटणी ध्वनीनेच होत असे. दरबाराची ही रीत झिरपत झिरपत गावगाड्यापर्यंत आली. पोळ्याच्या दिवशी वाजंत्री आधी कोणाच्या दारी जावी, लग्नाच्या वरातीत कोणाच्या उंबऱ्याशी थांबून वाजवावे, यावरून पाटलांच्या भाऊबंदकीत पिढ्यानपिढ्या तंटे चालले, गोतसभा बसल्या, महजर झाले. आज ते कागद वाचताना कोणाला ती क्षुल्लक भांडणे वाटतील. मला तसे वाटत नाही. ज्याच्यासाठी शिंग फुंकले जाते त्याचे अस्तित्व गाव मान्य करते, हे त्या भांडणाऱ्यांनी नीट ओळखलेले होते, आणि म्हणूनच वाजविण्याचा मान त्यांनी जमिनीच्या वतनाइतक्याच हिरिरीने जपला.

परंतु याच खोऱ्यात फुंकरीचा दुसराही एक वंश वाढत होता, आणि त्याला सनद लागत नव्हती. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचा आजा भास्कर काश्मीराहून दक्षिणेत आला, बाप सोढल यादवांच्या सेवेत राहिला, आणि शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या श्रीकरणाचा, म्हणजे हिशेबाच्या दफ्तराचा, प्रमुख झाला. दिवसा जमाखर्च पाहणाऱ्या या पुरुषाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला, आणि त्याच्या वाद्याध्यायात सुषिर वाद्यांची परंपरा लावताना वंश, पाव, पाविका, मुरली, मधुकरी, काहला, शृंग, शंख अशी नावे सांगितली. राजवाड्यातील शंख आणि रानातील पावा एका पंक्तीला बसविण्याची ही उदारता शास्त्रकाराची आहे. बासरीसाठी त्याने वेळूबरोबर खैर, चंदन, रक्तचंदन, हस्तिदंत, लोखंड, कांसे, रुपे आणि सोने इतकी द्रव्ये सांगितली. तोंडाच्या छिद्रापासून पहिल्या स्वरछिद्रापर्यंतचे अंतर एकेका अंगुळाने वाढवीत बासऱ्यांना एकवीर, उमापती, त्रिपुरुष, चतुर्मुख अशी नावे दिली. आणि एवढ्यावर न थांबता फुंकरीचे गुणदोषही वेगळे विवेचिले. श्वास कसा सोडावा हे शास्त्राचा विषय होऊ शकते, असे मानणारा ग्रंथ मराठवाड्याच्या भूमीवर लिहिला गेला, याचा या भूमीतील माणसाला यथार्थ अभिमान वाटावा.

ग्रंथातला पावा रानात कसा होता, हे पाहावयास फार दूर जावे लागत नसे. वर्षाच्या बोलीवर गावाची गुरे राखणारा, राखोळीबद्दल सुगीत धान्य घेणारा गुराखी पाथरीच्या आसपासच्या गायरानात आणि नदीकाठच्या कुरणात दिवसभर एकटा असे. जवळच्या बेटातील वेळूचे एखादे पेर निवडून, तापलेल्या सळईने त्याला भोके पाडून तो आपला पावा किंवा अलगूज स्वतःच करी. बासरी आणि अलगूज यांच्यातील भेद येथे सांगितला पाहिजे, कारण शिटीचे मर्म त्यात आहे. आडव्या बासरीत श्वासाची धार छिद्राच्या कडेवर नेमकी सोडण्याचे काम वाजविणाऱ्याच्या ओठांना करावे लागते, आणि ते साधण्यास महिने जातात. अलगुजाच्या तोंडात मात्र लाकडाची एक खुंटी बसविलेली असते. तिच्या वरच्या अंगाला ठेवलेल्या अरुंद फटीतून वारा आपोआप पुढच्या धारदार कडेवर जाऊन आदळतो आणि नाद उमटतो. ओठांचे कौशल्य येथे घडविणाऱ्याने आधीच लाकडात घालून ठेवलेले असते. अलगुजाची बोटांची छिद्रे काढून टाकली, नळी आखूड केली आणि तिचे टोक बंद केले, की जी उरते ती शिटी. ज्याने जन्मात वाद्य हाती धरले नाही त्यालाही ती पहिल्या फुंकरीला उत्तर देते.

गुराख्याच्या या वाद्यावर जकात नव्हती आणि त्याचा मानपानही नव्हता. वासरू चुकले तर त्याला वळवावे, पलीकडच्या टेकाडावरच्या सोबत्याला आपण आहोत हे कळवावे, आणि उन्हे कलेपर्यंतचा काळ घालवावा, इतकेच त्याचे प्रयोजन. तो गुराखी आता दुर्मिळ झाला आहे, आणि त्याचे कारण संगीतात नसून पाटबंधाऱ्यात आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून सिकंदराबादेकडे लोहमार्ग गेला, मानवत रोडसारखी स्थानके झाली आणि कापसाची गाठ मुंबईचा भाव विचारू लागली. पुढे पैठणला १९६५ साली पायाभरणी होऊन १९७६ साली उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या तालुक्यात आला, आणि पाण्याबरोबर ऊस आला. ज्वारीच्या कडब्यावर आणि मोकळ्या चराईवर चालणारी गुरे कमी झाली, कुरणे नांगराखाली गेली. पाणी आले याचा आनंद ज्याला नाही त्याने मराठवाड्याचा दुष्काळ पाहिलेला नाही. तरीही कालव्याच्या हिशेबात पाव्याचा खर्च कोणी धरला नाही, हे इतिहास सांगताना नोंदविणे भाग आहे.

लाकडाची शिटी ही गुराख्यापेक्षा सुताराच्या हातची वस्तू. गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतला. नांगर, वखर, तिफण आणि गाडी यांची देखभाल त्याने वर्षभर करावी आणि खळ्यावर आपले बलुते उचलावे, असा करार. वाकसाने तासणे, पटाशीने कोरणे, सामत्याने भोक पाडणे या तिन्ही क्रिया ज्याला येतात त्याला शिटी करणे अवघड नाही; आणि तिफणीच्या नळ्या ज्याने सरळ कोरल्या, त्याला पोकळ लाकडातून काय आणि कसे वाहते याचे ज्ञान शिकवावे लागत नाही. चरकावर लाकूड फिरवून गोल वस्तू उतरविणारा कातारी हा त्याचाच निराळा भाऊ. पाळण्याचे दांडे, पोळपाटाचे पाय, लाटणी, भोवरे आणि लाखेने रंगविलेली खेळणी ही त्याची दौलत. कोकणात सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून फळे आणि खेळणी घडवून ही कला दूरवर नावाजून घेतली. मराठवाड्याचा कातारी जत्रा आणि उरूस यांच्या वाटेवरच राहिला. तेथे मुले शिटी घेत, आणि ज्यांच्या मुठीत पैसा नसे ती उकिरड्यावर कोंब फुटलेली आंब्याची कोय दगडावर घासून तिची पिपाणी करीत.

राजाने नौबत ठेवली, पाटलाने वाजंत्रीचा मान घेतला, गुराख्याने पावा केला, मुलांनी कोय घासली. स्त्रीच्या वाट्याला काय आले, हे पाहू लागल्यावर इतिहास एकदम अवघड होतो. आमच्या भक्तिवाङ्मयात मुरलीला फार मोठे स्थान आहे. पाथरीहून गोदावरीच्या प्रवाहाला उलटे गेले की पैठण लागते. तेथील एकनाथांच्या गौळणींत आणि त्या परंपरेतील असंख्य पदांत मुरली वाजते, आणि ती ऐकून गौळण हातातले काम टाकून निघते. दूध उतू जाते, मूल रडत राहते, सासू रागावते. पण वाजविणारा तो आणि निघणारी ती, हा क्रम पालटत नाही. कधी राधा मुरली लपविते, कधी तिला सवत म्हणून दूषण देते. हा विरह आणि ही ओढ अत्यंत सुंदर आहे, जीवाने शिवाच्या हाकेला दिलेले उत्तर म्हणून तिचा अर्थही गहन आहे. तथापि लौकिक दृष्टीने पाहिले तर त्यात हाक मारण्याची सत्ता सर्वस्वी एका बाजूला आहे, हे सत्य भक्तीच्या ओलाव्याने पुसले जात नाही.

प्रवाहाबरोबर खाली गेले की गंगाखेड येते. ते जनाबाईचे गाव. पंढरीला नामदेवाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या या स्त्रीला विठ्ठल दळू लागतो, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. आणि ती कथा ज्या जागी घडते ती जागा जात्याची आहे, हे माझ्या मते अर्थपूर्ण आहे. मराठी स्त्रीचा आवाज पहाटे जात्यावर मोकळा झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुढे अनेकांच्या साहाय्याने महाराष्ट्राच्या खेड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांत मराठवाड्यातील बायांचा वाटा मोठा आहे. परंतु ओवी ही जात्याच्या घरघरीखाली झाकलेली असे. ती शेजारणीला ऐकू जाई, माहेरच्या भावाला उद्देशून असे, देवाला पोहोचे. शिवारात काम करणाऱ्या नवऱ्याला तिने हाक मारण्याची सोय नव्हती. त्याचे नाव घ्यावयाचे नाही, घेतलेच तर लग्नकार्यात दहाजणींच्या आग्रहावरून उखाण्यात गुंफून घ्यावयाचे, आणि एरवी ‘अहो’ म्हणावयाचे किंवा मुलाच्या नावाने बोलवावयाचे, अशी मर्यादा. शीळ घालणे तर तिला सर्वथा वर्ज्य. बाईने शीळ घालणे हे उठवळपणाचे लक्षण, आणि रात्री घरात कोणीही शीळ घातली तर साप येतो, अशी समजूत घरोघरी होती. पाथरीच्या मुसलमान मोहल्ल्यांतील पडदानशीन घराण्यांतही मर्यादेचा हा धागा वेगळ्या रंगाने पण तितक्याच घट्ट विणलेला होता. स्त्रीचा दूरवर पोहोचणारा श्वास समाजाला साशंक करीत आला, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही, आणि त्याबद्दल खेद वाटल्याखेरीज राहत नाही.

लाकूड कोरून प्रीती व्यक्त करण्याची रीत जगात इतरत्रही आहे, आणि तिच्याकडे पाहिले म्हणजे आपल्या प्रश्नावर थोडा प्रकाश पडतो. वेल्स देशात तरुण आपल्या प्रियेला एका लाकडातून कोरलेला नक्षीदार चमचा देत. त्यांपैकी १६६७ साल कोरलेला एक चमचा तेथील संग्रहालयात जपलेला आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरात मुरिया तरुण घोटुलातील, म्हणजे तरुण-तरुणींच्या सामायिक निवासातील, आपल्या मैत्रिणींसाठी लाकडी फण्या कोरीत, आणि व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांचे तपशीलवार वर्णन आहे. मुलीच्या केसांतील फण्यांवरून तिच्या चाहत्याचे कौशल्य साऱ्या गावाला दिसे. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील लकोटा लोकांत सीडरच्या लाकडाची बासरी प्रणयाराधनासाठीच असे. ती अलगुजाच्याच कुळातली, खोबणीतून वारा धारेवर नेणारी. सायंकाळी तरुण ती मुलीच्या वस्तीजवळ वाजवी आणि मुलगी स्वर ओळखून बाहेर येई. चमचा आणि फणी स्त्रीच्या हाती गेली, पण बासरी तरुणाच्याच हाती राहिली. म्हणजे सुषिर वाद्यापाशी येताच लकोटांचा तरुण आणि गोकुळातला मुरलीधर एकाच बाजूला उभे राहतात. पुरुषाने वाजविण्याऐवजी वाजविण्याची वस्तूच स्त्रीच्या स्वाधीन करावी, ही कल्पना या सगळ्या परंपरांना ओलांडून जाणारी आहे, आणि म्हणून लहानशा लाकडी शिटीची भेट मला चुड्याहून आणि करंड्याहून वेगळी, अधिक धीट वाटते. पतीला पत्नीने ती दिली तरी तिचे मोल कमी होत नाही; परंतु आमचा इतिहास पाहता थकबाकी पत्नीला देणे आहे, आणि ती आधी चुकती झाली पाहिजे.

ही थकबाकी चुकती करावयाची तर वस्तूही तशीच चोख हवी, आणि येथे सुताराचे ज्ञान कामाला येते. लाकूड प्रथम पाहावे. सागवान टिकाऊ खरे, पण त्याला स्वतःचे तेल आणि स्वतःचा वास असतो, आणि ओठांना तो रुचेलच असे नाही. कडुनिंब तोंडात कडवटपणा आणतो. शिसव आणि खैर जड, कठीण आणि दीर्घायुषी, त्यांचा स्वर उजळ निघतो, पण भोक पाडताना कारागिराचा घाम काढतात. शिवण हलकी, ऋतुमानाने फारशी न वाकणारी, वाद्यांसाठी पूर्वापार विश्वासाची. हळदू बारीक कणांचा, पिवळसर, कातकामाला फार गोड. ज्या लाकडाच्या फण्या बायकांच्या केसांतून फिरल्या त्याच लाकडाची शिटी तिच्या ओठांशी जावी, यात मला एक औचित्य दिसते, आणि निवड माझ्यावर सोपविली तर मी हळदूच सांगेन. लाकूड कोणतेही असो, ते पुरते वाळलेले असावे, कारण ओल्या लाकडाची खुंटी वाळली की ढिली होते आणि मग वारा धारेवर जाण्याऐवजी भलतीकडूनच निसटतो.

त्यानंतर लांबी. एका टोकास बंद असलेली पाच सेंटिमीटरची पोकळी सेकंदास सुमारे १७०० कंपनांचा स्वर देते, आणि ती दुप्पट लांब केली तर स्वर सप्तकभर खाली उतरतो. मनुष्याचा कान दोन हजार ते पाच हजार कंपनांच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो; म्हणून चार-पाच सेंटिमीटरची लहान शिटी उसाच्या फडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, इंजिनाची घरघर चालू असतानाही, पोहोचू शकते. घरातल्या घरात, माडीवरून अंगणात बोलावण्यापुरती ती हवी असेल तर आठ-दहा सेंटिमीटरची, मंद्र आणि मऊ स्वराची निवडावी. कर्कश शिटी ज्या घरात वाजते त्या घरात ती फार दिवस वाजत नाही. फुंकून पाहताना प्रथम अगदी हलका श्वास सोडावा. जी शिटी हलक्या श्वासाला बोलते आणि जोर दिल्यावर स्वर न फाटता वाढतो, तिची धार नीट लागली आहे असे समजावे. फटीच्या तोंडाशी लाकडाचा तंतू उभा राहिलेला दिसला तर ती परत करावी. तोंडाकडील भागाला लाख किंवा रंग मुळीच नसावा. जवसाचे तेल दोन-तीन हात चोळून वाळविले की पुरे. जवसाचे तेल वाळून लाकडावर स्वतःच पातळ पापुद्रा धरते, आणि तेलघाण्यांच्या या मुलुखात ते मिळविण्यास अडचण पडू नये.

तयार माल घेण्यापेक्षा सुतारासमोर बसून ती करवून घेणे अधिक चांगले. शिटी घेणारीची मूठ केवढी, ती उजवी की डावखुरी, गळ्यात दोरीने घालणार की कमरेला खोवणार, हे कारागिराला सांगता येते, आणि त्याप्रमाणे तो अंगाचा घेर आणि दोरीचे भोक ठरवितो. बलुत्याचा काळ गेला. आता मजुरी रोख द्यावयाची आहे, आणि दिवसाचे काम अडवून केलेल्या वस्तूची मजुरी गाडीच्या कामाप्रमाणे, घासाघीस न करता द्यावी. तिफणीची जागा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने घेतल्यापासून आणि दारे-खिडक्या लोखंडाच्या व ॲल्युमिनियमच्या होऊ लागल्यापासून गावच्या सुताराकडे कोरण्याचे नाजूक काम फारसे येत नाही; ज्या हाताला सवय राहिली आहे त्या हाताला असे एखादे काम सांगणे हाही त्या कसबाचा मानपानच आहे.

शिटी हाती आल्यावर तिच्या खुणा दोघांनी मिळून ठरवाव्यात. एक लांब फुंकर म्हणजे जेवायला या, दोन आखूड म्हणजे पाहुणे आले, तीन म्हणजे काम टाकून तत्काळ निघा, असे काहीही. पहिली खूण ठरविण्याचा अधिकार मात्र घेणारीचा असावा, आणि देणाऱ्याने त्या खुणेला उत्तर देण्याचा नेम मोडू नये. जपणूक फार नाही. वापरल्यावर तोंड खाली करून झटकावी, कापडाने पुसावी, उन्हात तापत ठेवू नये, वर्षातून एकदा तेलाचा हात द्यावा. आषाढ-श्रावणात हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते, फट अरुंद होते आणि आवाज दबतो. त्या दिवसांत घाईने कानस लावून फट मोठी करणारे पुष्कळ असतात. दसऱ्यापर्यंत थांबावे, कोरडी हवा सुरू झाली की लाकूड आपल्या मापावर परत येते, आणि कानस लावलेली फट मात्र नंतर कोणत्याही सुताराला भरून काढता येत नाही.